सगळ्या ऋतूंचा टायर

काकांनी बर्फात उकिडवं बसून टायरला अंगठ्याचं नख लावलं आणि म्हणाले, "हे रबर आहे की लाकूड रे?"

डिसेंबर २०२२. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. आदल्या संध्याकाळी मी, माझा रूममेट आणि कोल्हापूरहून आलेले त्याचे आई-बाबा जेवायला बाहेर पडलो होतो. गाडी माझी. जुनी एसयूव्ही, दोन मालकांच्या हातून फिरून आलेली. बर्फ नुकताच पडायला लागला होता, रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी अजून फिरली नव्हती. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची थरथर जाणवली आणि गाडी काही थांबेना. वेग ताशी ४० किलोमीटरसुद्धा नसेल. सरळ रेषेत, सावकाश घसरत ती चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डावीकडून आलेला पिकअप ट्रक हॉर्न वाजवत आमच्या नाकासमोरून गेला. मागच्या सीटवर काकू "अगं बाई" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर घरून नेलेला गाजरहलव्याचा डबा होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

नंतर सगळ्यांनी माझीच समजूत काढली. रस्ता निसरडा होता, तू तरी काय करणार. मीही तेच म्हणत राहिलो. एक गोष्ट मात्र बोललो नाही. तीनच आठवड्यांपूर्वी मी गाडीला चार नवे टायर घातले होते, आणि दुकानातल्या यादीत सगळ्यात खालचा आकडा होता तोच निवडला होता. चार टायर, बसवण्यासकट ३८० डॉलर. त्याच मापाचे नाव असलेल्या कंपनीचे टायर ७००च्या पुढे जात होते. टायरवर लिहिलं होतं 'ऑल सीझन'. सगळे ऋतू म्हणजे सगळे ऋतू, असं मी धरून चाललो.

काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आयुष्यातली कितीतरी वर्षं टायर उतरवण्यात आणि चढवण्यात गेलेली. त्यांना इंग्रजी फार येत नाही, पण टायरच्या कडेवरची अक्षरं बघून ते म्हणाले, "एवढं काय काय लिहिलंय ह्यावर? वाच बघू."

मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की यातलं मला काहीच कळत नाही. गेली दोन वर्षं मी अशा गावात राहत होतो जिथे गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या कंपन्या जन्माला आल्या, ज्याला एकेकाळी जगाची रबर राजधानी म्हणायचे. आणि माझ्या गाडीच्या टायरवर काय लिहिलंय ते मला सांगता येत नव्हतं. पुढचे काही महिने मी हेच वाचत बसलो. त्यातून एक गोष्ट हाती लागली. टायरच्या कडेवर लिहिलेल्या बहुतेक अक्षरांमागे कुठला तरी घोटाळा, अपघात किंवा कोर्टातलं भांडण आहे. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या 'ऑल सीझन' या शब्दांमागे मात्र कुठलीच परीक्षा नाही.

* * *

१९७७च्या आधी अमेरिकेच्या उत्तर भागात वर्षातून दोनदा एक कार्यक्रम व्हायचा. नोव्हेंबरच्या आसपास लोक गॅरेजमधून जाड नक्षीचे, खरखरीत आवाज करणारे स्नो टायर काढायचे आणि मागच्या चाकांना लावायचे. वसंत आला की परत उतरवायचे. कटकटीचं काम, आणि शिवाय दुसरा संच ठेवायला जागा हवी.

त्या काळात टायरच्या आतली रचनाही बदलत होती. जुन्या टायरमध्ये धागे तिरपे, एकमेकांना छेदत जायचे. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो, टायर कमी तापतो, जास्त टिकतो, पेट्रोल कमी लागतं. अमेरिकन कंपन्यांनी मात्र कितीतरी वर्षं तिकडे काणाडोळा केला, कारण रेडियल बनवायचा म्हणजे कारखान्यातली यंत्रं बदलायची. १९७३चं तेलसंकट आलं तेव्हा त्यांना पर्याय उरला नाही.

घाई कशी अंगाशी येते त्याचं उदाहरण ॲक्रनमध्येच घडलं. फायरस्टोनने '५००' नावाचा रेडियल घाईघाईने बाजारात आणला. पट्टे आणि रबर एकमेकांना नीट चिकटत नव्हते, धावत्या गाडीचा टायर सोलून निघायचा. १९७८ साली संसदेत सुनावण्या झाल्या आणि कंपनीला लाखो टायर परत घ्यावे लागले. तोवरचा तो टायरचा सगळ्यात मोठा रिकॉल. या धक्क्यातून कंपनी नीट सावरलीच नाही. १९८८ साली जपानच्या ब्रिजस्टोनने तिला विकत घेतलं.

पण रेडियलमुळे एक नवी शक्यता तयार झाली होती. गुडइयरने १९७७ साली 'टिएम्पो' आणला, पहिला ऑल सीझन टायर. नाव सुंदर आहे. स्पॅनिशमध्ये टिएम्पो म्हणजे वेळही आणि हवामानही. एकच टायर, वर्षभर, बदलायची कटकट नाही. ग्राहक खूश, आणि गाडीच्या कंपन्याही खूश, कारण फ्लोरिडात विकायची गाडी आणि मिनेसोटात विकायची गाडी एकाच टायरवर कारखान्याबाहेर काढता येते. पुढच्या काही वर्षांत 'ऑल सीझन' हीच अमेरिकेची सवय झाली.

अडचण रबरातच होती. रबर थंडीत कडक होतं आणि उन्हात मऊ पडतं. उन्हाळ्यासाठी बनवलेलं मिश्रण साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की त्याची पकड कमी व्हायला लागते. हिवाळ्याचं मिश्रण जुलैच्या डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. दोन्हीकडे चालेल असं मिश्रण म्हणजे दोन्हीकडे थोडी तडजोड. शिवाय टायर बनवणाऱ्यांचा एक जुना त्रिकोण आहे: जास्त टिकणं, ओल्या रस्त्यावर पकड आणि कमी इंधन. एक कोपरा ओढला की दुसरा सुटतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरून हा त्रिकोण जरा सैल केला. पण सिलिका रबरात नीट मिसळायला वेगळी रसायनं लागतात, मिसळण्याचं काम अवघड होतं, खर्च वाढतो. म्हणजे तडजोड कमी करता येते, पैसे मोजले तर. स्वस्त टायर नेमका इथेच स्वस्त होतो.

* * *

काकांना मी पहिलं वाचून दाखवलं ते 'एम+एस'. मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ.

"मग बर्फात का घसरला?"

एम+एस ही आकाराची व्याख्या आहे. नक्षीच्या खाचा किती, त्या कडेपर्यंत पोचतात का, रिकामी जागा किती, एवढंच त्यात बघतात. रबर कुठलं आहे हे बघत नाहीत. प्रत्यक्ष बर्फावर टायर फिरवून बघण्याची अट तर नाहीच. योग्य आकाराच्या खाचा असल्या की कंपनी स्वतःच ती अक्षरं छापू शकते. लाकडात तशा खाचा कोरल्या तर आकाराच्या बाबतीत तेही पास होईल.

हे थोतांड इतकं वाढलं की १९९९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या टायर कंपन्यांच्या संघटनांनीच नवं चिन्ह काढलं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. त्यासाठी टायर खरोखर दाबलेल्या बर्फावर चालवतात आणि ठरावीक प्रमाण टायरपेक्षा त्याची पकड किमान दहा टक्के जास्त यावी लागते. तरी ती परीक्षा गाडी पुढे ओढण्याची आहे. थांबण्याची किंवा वळण्याची नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांताने २००८ साली हिवाळी टायर सक्तीचे केले आणि पुढे २०१४च्या हिवाळ्यापासून डोंगराचं चिन्ह नसलेला टायर चालणार नाही असं ठरवलं. नुसत्या एम+एसवर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

एसयूव्हीवाल्यांची यात खास फसगत होते. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून ती बर्फातून झोकात निघते आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपली गाडी बर्फाची आहे. थांबताना मात्र फोर व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नसतो. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना लागतात. उलट वजन जास्त, म्हणून टायरवरचा भार जास्त. त्या संध्याकाळी पार्किंगमधून मी किती सहज बाहेर पडलो होतो, ते मला आठवलं.

पुढची ओळ होती: ट्रेडवेअर ६००, ट्रॅक्शन बी, टेम्परेचर बी.

ही ओळ सरकारी आहे. १९६६च्या वाहन सुरक्षा कायद्यात म्हटलं होतं की ग्राहकाला टायरची तुलना करता यावी म्हणून दोन वर्षांत प्रतवारी आणा. टायर कंपन्या कोर्टात गेल्या, वाद चालत राहिले आणि प्रतवारी प्रत्यक्षात आली १९७९-८० साली. १९८३ साली रेगन सरकारच्या काळात त्यातला टिकाऊपणाचा आकडा स्थगित केला गेला. ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि पुढच्याच वर्षी तो परत आणावा लागला. एका तीन अंकी आकड्यासाठी एवढी मारामारी.

टिकाऊपणाची परीक्षा मजेदार आहे. टेक्सासमधल्या सॅन ॲन्जेलो गावाजवळ सुमारे ४०० मैलांचा सार्वजनिक रस्त्यांचा फेरा ठरवलेला आहे. गाड्यांचा ताफा तिथे एकूण ७,२०० मैल फिरतो, झीज मोजतात, प्रमाण टायरशी तुलना करतात. पण शेवटचा आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. आणि ट्रॅक्शन? ओल्या रस्त्यावर, सरळ रेषेत, ताशी ४० मैलांवर, चाक पूर्ण जाम करून. वळणावर नाही, बर्फावर नाही, थंडीत नाही. शिवाय प्रतवारी प्रवासी गाड्यांच्या टायरची. ज्या टायरच्या मापाआधी 'एलटी' म्हणजे लाइट ट्रक लिहिलेलं असतं, त्यांना ती लागूच होत नाही. म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त ओझं, त्यांच्यावर ही ओळच नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे ओळखीचं वाटलं. टेस्ट पास करण्यापुरता लिहिलेला कोड कसा असतो ते मला माहीत आहे, मीही लिहिलाय. डेडलाइन जवळ असली की जे तपासलं जाणार आहे तेवढं नीट होतं, बाकीचं देवावर. गिऱ्हाईक दुकानात कुठला आकडा बघतं? ६००. जास्त टिकेल म्हणून. मग मिश्रण कडक करा, आकडा वाढतो. त्या कडकपणाची किंमत जानेवारीतल्या ओल्या रस्त्यावर द्यावी लागते आणि ती कुठे छापलेली नसते. माझ्या टायरला ट्रॅक्शन 'बी' होता. मी ते वाचलंही नव्हतं. ६०० मात्र वाचलं होतं.

* * *

आता मोठी गोष्ट. ती समजून घ्यायला जरा मागे, चक्क कोंबड्यांपर्यंत जावं लागतं.

१९६०च्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात धो धो जात होती. युरोपने तिच्यावर कर बसवला. उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला, १९६४पासून. कोंबडीचं भांडण मिटलं, ट्रकवरचा कर राहिला. त्यामुळे पिकअप हा अमेरिकन कंपन्यांचा सुरक्षित, फायद्याचा धंदा झाला. पुढे १९७५च्या इंधनबचत कायद्यात हलक्या ट्रकना कारपेक्षा सौम्य नियम मिळाले. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की ट्रकच्या सांगाड्यावर कुटुंबाची गाडी बसवली तर कायद्याच्या दृष्टीने तो ट्रकच राहतो. १९९० साली फोर्डने रेंजर पिकअपच्या पायावर एक्सप्लोरर आणली. काही वर्षांतच ती वर्षाला चार लाखांच्या वर खपायला लागली. आई मुलांना शाळेत सोडायला जी गाडी नेते, ती आता उंच, जड आणि ट्रकसारखी होती.

तिला टायर होते फायरस्टोनचे. फोर्ड आणि फायरस्टोनचं नातं १९०६पासूनचं, आणि नुसतं धंद्याचं नाही. २००० साली फोर्डचे अध्यक्ष असलेले बिल फोर्ड हे हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन या दोघांचेही पणतू. आई फायरस्टोनांची, वडील फोर्डांचे.

टायरचं माप पी२३५/७५आर१५. सुरुवातीचा 'पी' म्हणजे पॅसेंजर, प्रवासी गाडीचा टायर. ट्रकच्या जातीच्या गाडीला प्रवासी टायर लावायचा असेल तर त्याची वजनक्षमता १.१ने भागून धरा, असा अमेरिकेत नियमच आहे, कारण उंच आणि जड गाडीत टायरला जास्त सोसावं लागतं. उष्णतेच्या प्रतवारीत हे टायर 'सी' होते, म्हणजे कायद्याने चालतील अशांतले सगळ्यात खालचे. आणि फोर्डने हवा सांगितली होती २६ पीएसआय. फायरस्टोन नंतर म्हणाली, ३० हवी होती. एक्सप्लोरर बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत ती वळणावर उलटण्याकडे झुकते असं दिसलं होतं, आणि टायरची हवा कमी ठेवणं हा त्यावरच्या उपायांपैकी एक होता, हे पुढे फोर्डच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं.

हवा कमी असलेला टायर फिरताना प्रत्येक फेरीला जास्त चेपतो आणि परत फुगतो. त्या मळण्यातून उष्णता तयार होते. टेक्सासचा उन्हाळा, गाडीत सामान आणि माणसं भरलेली, वेग ताशी ११० किलोमीटर. पोलादी पट्ट्यांच्या कडेला रबरात बारीक भेग पडते, ती आतल्या आत वाढत जाते, आणि एके दिवशी अख्खी नक्षी पट्ट्यासकट सोलून निघते. कारमध्ये कदाचित बाजूला घेता आलं असतं. उंच गाडी उलटते.

सौदी अरेबिया, आखातातले देश, व्हेनेझुएला इथून तक्रारी आधीच आल्या होत्या आणि फोर्डने तिथे टायर बदलूनही दिले होते. अमेरिकेत मात्र हा विषय पुढे आला फेब्रुवारी २०००मध्ये, ह्यूस्टनच्या एका स्थानिक टीव्ही वाहिनीच्या बातमीमुळे. बातमी बघून लोकांचे फोन सुरू झाले: आमच्याकडेही असंच झालं. मे महिन्यात सरकारी चौकशी लागली. ९ ऑगस्टला फायरस्टोनने रिकॉल जाहीर केला, रस्त्यावर असलेले सुमारे ६५ लाख टायर. मे २००१मध्ये फायरस्टोनने फोर्डशी संबंध तोडले आणि दुसऱ्याच दिवशी फोर्डने आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलायची घोषणा केली. सरकारी मोजणीत अमेरिकेतल्या मृतांचा आकडा २७१वर गेला.

चूक कुणाची, यावर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. गाडी की टायर? मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाचन वाटलं ते क्रूगर आणि मास या दोन अर्थतज्ज्ञांच्या २००४च्या निबंधाचं. सदोष टायरपैकी बरेच इलिनॉयमधल्या डिकेटर कारखान्यातले होते. तिथे १९९४ ते ९६ कामगारांचा कडवा संप झाला होता, कंपनीने बाहेरून बदली कामगार आणले होते. या दोघांनी दाखवलं की बिघाडाचं प्रमाण नेमकं संप आणि तडजोडीच्या काळात बनलेल्या टायरमध्ये वाढलेलं दिसतं. आणि निव्वळ नवखे कामगार हे कारण पुरत नाही. जुने आणि बदली कामगार शेजारी शेजारी काम करत होते तेव्हाही प्रमाण चढं होतं. पगार कापायला निघालेल्या कंपनीबद्दलचा राग रबराच्या थरांत कसा उतरला असेल, ते कुठल्या मशीनवर मोजता येणार नाही.

या सगळ्यातून १ नोव्हेंबर २००० रोजी नवा कायदा आला. माझ्या गाडीत हवा कमी झाली की पेटणारा तो पिवळा दिवा, टायरच्या आडव्या छेदाच्या आकाराचा, त्याचाच परिणाम. सप्टेंबर २००७पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत तो सक्तीचा आहे. तो पेटला की मी आधी वैतागायचो. टायरच्या चाचण्याही तीस वर्षांनी कडक झाल्या, कमी हवेची चाचणी आली, लाइट ट्रकचे टायर त्याच कडक नियमांत आणले गेले. टायर जुना झाल्यावर कसा वागतो याची चाचणीही घ्यावी, असा प्रस्ताव होता. तो मात्र बारगळला.

* * *

चाचण्या कडक झाल्या की स्वस्त टायरचं काय होतं? तो दुसरीकडून येतो.

न्यू जर्सीतली फॉरेन टायर सेल्स नावाची छोटी कंपनी २००२पासून चीनमधून एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनचे स्वस्त रेडियल मागवायची. कारखाना हांगझो झोंगत्से. जून २००७मध्ये या कंपनीने सरकारला कळवलं की आपण विकलेल्या सुमारे साडेचार लाख टायरमध्ये 'गम स्ट्रिप' नसावी किंवा अपुरी असावी. दोन पोलादी पट्ट्यांच्या कडांमध्ये जी पातळ रबरी पट्टी असते, ती. एक्सप्लोररच्या टायरमध्ये भेग जिथून सुरू व्हायची, तीच जागा. आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनियात एका व्हॅनच्या अपघातात दोन माणसं गेली होती. चिनी कंपनीने दोष नाकारला. अमेरिकी कायद्यात आयात करणाराच उत्पादक धरला जातो, म्हणून रिकॉलचा खर्च न्यू जर्सीच्या कंपनीवर आला. ती म्हणाली, एवढे टायर बदलून दिले तर आमचं दिवाळं निघेल. शेवटी ऑगस्टमध्ये सुमारे २ लाख ५५ हजार टायरचा रिकॉल झाला.

फायरस्टोनकडे निदान ओरडायला कुणीतरी होतं. संसदेत उभं करता येतं, वकील लावता येतो. बजेट टायरच्या मागे कधी कधी एक गोदाम आणि एक फोन नंबर असतो. स्वस्ताईतलं सगळ्यात मोठं नुकसान मला रबरापेक्षाही हे वाटतं.

पुढे २००९ साली ओबामा यांनी कामगार संघटनेच्या मागणीवरून चिनी टायरवर तीन वर्षांसाठी कर लावला, ३५ टक्क्यांपासून सुरू होणारा. स्वस्त टायर थांबले नाहीत. ते थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण कोरियातून यायला लागले. चीनने उत्तर कशावर कर लावून दिलं? अमेरिकन कोंबडीवर. ट्रक, टायर आणि कोंबडी यांचं काय साटंलोटं आहे कोण जाणे.

युरोपात २०१२पासून टायरवर ओल्या रस्त्यातल्या पकडीची प्रत ठळक लेबलवर येते, फ्रिजवर येते तशी. अमेरिकेत २०१५च्या एका कायद्याने ओल्या पकडीची किमान मर्यादा ठरवायला सांगितलं होतं. मी दुकानात गेलो त्या नोव्हेंबरपर्यंत ती आलेली नव्हती.

* * *

काकांनी शेवटी एक आकडा शोधायला लावला. त्यांना माहीत होतं की टायरवर तारीख असते. मी मोबाइलचा टॉर्च लावला. 'डीओटी' अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे: ३११९.

२००० सालापासून असे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्याआधी तीनच असायचे, वर्षाला एकच अंक. म्हणजे ८ म्हणजे १९७८ की १९८८ ते नुसत्या आकड्यावरून कळायचं नाही. वायटूकेचा बग टायरवालेसुद्धा पाळून होते.

३११९ म्हणजे २०१९चा ३१वा आठवडा. मी घेतलेले 'नवे' टायर सव्वातीन वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून होते. बेकायदेशीर काही नाही. न वापरलेला टायर नवा म्हणूनच विकतात. रबर मात्र हवेतल्या ऑक्सिजनने पडल्या पडल्याही कडक होत जातं. काकांच्या नखाला ते कळलं होतं.

"किती वाचवलेस?" त्यांनी विचारलं. सरळ, न रागावता. मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. उठून हात झटकले, आणि आत जाऊन काकूंना चहा टाकायला सांगितला. पुढचे दोन आठवडे ते माझ्या गाडीत बसले, पण प्रत्येक वेळी पुढच्या सीटवर, आणि सिग्नलच्या बऱ्याच आधी म्हणायचे, "हळू."

जानेवारीत मी डोंगराच्या चिन्हाचे टायर घेतले. हप्त्यांवर. काढलेले चार टायर अपार्टमेंटच्या बाल्कनीत रचून ठेवले. नक्षी जवळपास पूर्ण, दिसायला कोरे करकरीत.

फेब्रुवारीत आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नाशिकच्या एका मुलाचा मेसेज आला. नुकताच मास्टर्सला आला होता, जुनी एसयूव्ही घेतली होती, टायर पार गोटा झाले होते. कुणाकडे त्या मापाचे स्वस्तात आहेत का? माप माझ्याच टायरचं होतं. चौघांनी मला टॅग केलं, कारण बाल्कनी सगळ्यांनी बघितली होती. शंभर डॉलर दे, असं टाइप करून मी पुसलं. मग फुकट ने, असं लिहून तेही पुसलं. त्याच्या गाडीवर आत्ता जे होते त्यापेक्षा हे बरेच होते, हेही खरं.

शेवटी त्या लंबगोल चौकटीचा फोटो काढून त्याला पाठवला, आणि खाली आदल्या डिसेंबरची सगळी गोष्ट लिहिली, चौकासकट.

दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. "दादा, पण मार्चपर्यंत चालतील ना?"